मुद्दल आणि वृद्धी : प्राचीन अपरान्तातील गृहव्यय व राजव्यय

आधुनिक अर्थशास्त्रात एखाद्या राष्ट्राचा उपभोगखर्च मोजताना दोन प्रमुख शीर्षे धरली जातात. पहिले कुटुंबांच्या खर्चाचे. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी, प्रवास, लग्नकार्य हे सारे त्यात येते. दुसरे शासनाच्या खर्चाचे. सेवकांचे वेतन, आरोग्य, शिक्षण, संरक्षण या बाबी त्यात मोडतात. भारतात अलीकडच्या वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाचा ढोबळमानाने तीन-पंचमांश भाग पहिल्या शीर्षाखाली आणि सुमारे एक-दशांश भाग दुसऱ्या शीर्षाखाली खर्च होतो. उपभोगातून उरलेले जे भांडवल म्हणून गुंतविले जाते, त्यावर पुढील पिढीचा निर्वाह अवलंबून असतो. लहान अर्थव्यवस्थेत या दोन शीर्षांचे चढउतार विशेष स्पष्ट दिसतात. कारण तेथे एखादे बंदर, एखादे पीक किंवा एखादा व्यवसाय यांवरच सर्वांची भिस्त असते.

हाच प्रश्न प्राचीन अपरान्ताविषयी, म्हणजे उत्तर कोकणाविषयी, विचारता येईल काय? बोईसरहून समुद्राकडे निघाले की नवापूरचा किनारा लागतो. त्याच्या उत्तरेस डहाणू आणि दमणगंगा, दक्षिणेस वैतरणेपलीकडे सोपारा, आणि पूर्वेस घाट ओलांडला की नाशिक. सोपारा, कल्याण ही बंदरे व नाशिक, कान्हेरी येथील लेणी मिळून हा एक सुटसुटीत आर्थिक प्रदेश होता. त्याचा जमाखर्च मांडणाऱ्या वह्या आपल्या हाती नाहीत. परंतु दगडावर कोरलेले जे लेख राहिले आहेत, त्यांत रकमा आहेत, व्याजाचे दर आहेत आणि खर्चाच्या बाबीही आहेत. त्यांच्या जोडीला पालि वाङ्मय ठेवले, तर गृहस्थाने व राजाने खर्च कसा करावा यासंबंधीचा एक निश्चित विचार हाती लागतो. तो विचार कोणता, आणि या प्रदेशात तो कितपत आचरणात आला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सोपाऱ्याचे दोन लेखखंड

सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांची एक प्रत सोपारा येथे कोरली गेली असावी. तिचे केवळ दोन खंड आज उपलब्ध आहेत. आठव्या लेखाचा खंड पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपारा येथे मिळाला. त्याच वर्षी त्यांनी बुरुड राजाच्या कोटातील स्तूपाचे उत्खनन केले. नवव्या लेखाचा खंड १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे ना. अ. गोरे यांच्या नजरेस आला. हे दोन्ही खंड मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. खंडांत मजकूर थोडाच उरला असला, तरी गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणच्या प्रतींवरून संपूर्ण आशय निश्चित करता येतो.

चौदांपैकी नेमके हेच दोन लेख वाचावेत हा योगायोग आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तो फार उपयोगी आहे. आठवा लेख राजाच्या खर्चाविषयी आहे आणि नववा गृहस्थाच्या.

आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रांना, म्हणजे मृगया व तत्सम करमणुकीच्या दौऱ्यांना, निघत असत. आपल्या अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना सुवर्णसाहाय्य, जनपदातील लोकांची भेट व धर्मचर्चा हे या यात्रांचे स्वरूप होते. लवाजमा तोच, प्रवासही तोच. परंतु तिजोरीतून निघालेला पैसा राजाच्या रंजनाऐवजी वृद्धांच्या निर्वाहाकडे वळला. पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेतील प्राणिवध तीन प्राण्यांवर आणल्याचे सांगितले आहे, आणि दुसऱ्यात माणसांसाठी व पशूंसाठी चिकित्सा, औषधी वनस्पतींची लागवड, विहिरी व वृक्ष यांची व्यवस्था केल्याचे सांगितले आहे. हे तिन्ही लेख एकत्र वाचले म्हणजे राजगृहाचा उपभोग कमी करून लोकांच्या उपयोगाचा खर्च वाढविण्याचे धोरण स्पष्ट होते.

नवव्या लेखाचा रोख घराकडे आहे. आजारपण, मुलामुलींचे विवाह, अपत्यजन्म, प्रवासाचे प्रस्थान अशा प्रसंगी लोक नाना प्रकारची मंगलकार्ये करतात. त्यांतही स्त्रिया अनेक क्षुल्लक व निरर्थक विधी करतात, असे त्यात म्हटले आहे. मंगलकार्य अवश्य करावे, परंतु अशा विधींचे फळ अल्प असते. दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान हेच महाफलदायी धम्ममंगल होय, असा त्याचा निष्कर्ष आहे. घरातील नोकराला नीट वागविणे हे लग्नातील थाटापेक्षा अधिक मंगल आहे, हा विचार बावीसशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर दगडात कोरला गेला होता.

येथे तिसऱ्या शिलालेखातील एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. त्यात अपव्ययता आणि अपभांडता हे दोन गुण चांगले म्हणून सांगितले आहेत. मराठी वाचक येथे अडखळेल, कारण मराठीत अपव्यय म्हणजे उधळपट्टी. परंतु अशोकाच्या प्राकृतातील अप हा संस्कृत अल्प या शब्दाचा अवतार आहे; तो अप हा उपसर्ग नव्हे. अपव्ययता म्हणजे अल्पव्ययता, आणि अपभांडता म्हणजे अल्पसंग्रह. खर्चही थोडा आणि साठाही थोडा, असा हा दुहेरी उपदेश आहे. नुसता खर्च कमी करून धन पुरून ठेवणे त्याला मान्य नाही.

पालि वाङ्मयातील व्ययविचार

अशोकाचा हा विचार एकाकी नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाच्या संपत्तीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एका भागाचा उपभोग घ्यावा, दोन भाग व्यवसायात गुंतवावेत आणि चौथा भाग आपत्काळासाठी ठेवावा. याचा अर्थ मिळकतीच्या चतुर्थांशाहून अधिक उपभोग नसावा आणि निम्मी मिळकत पुन्हा उत्पादक कामात जावी. सामान्य कष्टकऱ्याला हे प्रमाण कठीण वाटेल. उपदेश गृहपतिपुत्राला आहे, याचे भान येथे ठेवले पाहिजे.

अंगुत्तरनिकायात दीघजाणु कोलियाला केलेल्या उपदेशात हाच विषय अधिक व्यवहारी रीतीने येतो. तेथे प्रमाण दिलेले नाही. समजीविता, म्हणजे आय-व्ययाचा तोल, सांगितला आहे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते कळते, त्याप्रमाणे गृहस्थाने आपली आवक-जावक ओळखावी. मिळकत थोडी असून ऐश्वर्याने राहणारा आणि मिळकत मोठी असून उपाशी मरणारा हे दोघेही तेथे निंद्य ठरविले आहेत. संपत्तीला चार वाटा येण्याच्या व चार वाटा जाण्याच्या असलेल्या तलावाची उपमाही त्याच सुत्तात आहे.

राजाच्या बाबतीत कूटदंत सुत्त महत्त्वाचे आहे. महायज्ञ करू इच्छिणाऱ्या राजाला त्याचा पुरोहित सांगतो की, राज्यात चोरी व लूटमार चालू असता नवा कर बसविणे योग्य नाही, आणि वध-बंधनाने चोरीचे मूळ नष्ट होणार नाही. शेती व गोपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व चारा, व्यापार करणाऱ्यांना भांडवल आणि राजसेवकांना वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंतले म्हणजे उपद्रव थांबेल आणि कोषही वाढेल. शासनाने केलेल्या खर्चापैकी कोणता खर्च परत उगवतो आणि कोणता धुरात जातो, हा भेद येथे निःसंदिग्धपणे केलेला आहे.

उषवदाताचा हिशेब

ग्रंथातील विचारानंतर आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात, दीनिकपुत्र उषवदात याचे लेख नाशिकच्या लेण्यात आहेत. त्यांचा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमाराचा. म. म. वा. वि. मिराशी यांनी हे लेख मराठीत विवेचनासह उपलब्ध करून दिले आहेत.

उषवदाताच्या दानांत आपला प्रदेश ठळकपणे येतो. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने मोफत नावांची सोय केली. दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया त्याने घातल्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. नानंगोल गावातील ३२,००० नारळीची रोपे त्याने चरकांच्या परिषदांना दिली. हे गाव उंबरगावजवळचे नारगोळ असावे असे विद्वान मानतात. देव व ब्राह्मण यांना दिलेली ७०,००० कार्षापणांची रक्कम ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या दराने २,००० सुवर्णांइतकी होते, हेही लेखात नोंदविले आहे. नाण्यांचा परस्पर दर सांगणारी इतकी स्पष्ट नोंद प्राचीन लेखांत क्वचितच आढळते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र ३,००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची आहे. ही रक्कम भिक्षुसंघाच्या हाती दिलेली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती ठेवली आहे : २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. मूळ लेखात या श्रेणींना कोलिकनिकाय म्हटले आहे. येथील कोलिक म्हणजे विणकर; आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांशी त्याचा संबंध जोडू नये. पाऊण या अर्थी लेखात आलेला पायून हा शब्द मात्र आजच्या मराठी पाऊण शब्दाचा सरळ पूर्वज आहे.

आता आकडे ताडून पाहू. २,००० कार्षापणांवर शेकडा एक म्हणजे दरमहा २० आणि वर्षाला २४० कार्षापण. लेखात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत असे आहे. त्याची बेरीज बरोबर २४० होते. एक कार्षापण उरत नाही आणि एक कमी पडत नाही. उरलेल्या १,००० वर वर्षाला ९० कार्षापण येतात. ते कुशणमूलासाठी आहेत. या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद असले, तरी किरकोळ निर्वाहखर्च असा अर्थ घेऊन ती रक्कम त्याच २० भिक्षूंत वाटली, तर प्रत्येकी साडेचार कार्षापण पडतात. अन्नासाठी उषवदाताने ४,००० कार्षापणांना एका ब्राह्मणाकडून शेत विकत घेऊन दिले. त्याच्याकडे सत्ता होती. तरी शेत काढून न घेता किंमत मोजली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या व्यवहाराची घडण पाहण्यासारखी आहे. लेख स्पष्ट सांगतो की हे कार्षापण परत द्यावयाचे नाहीत, केवळ त्यांची वृद्धी भोगावयाची. हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले आणि रीतीप्रमाणे नोंदवहीत निबद्ध झाले. राजघराण्याचा पैसा विणकरांचे खेळते भांडवल बनला. विणकरांनी त्यावर माग चालविले. त्यांच्या नफ्यातून निघालेल्या व्याजावर भिक्षूंचे वस्त्र आले. सिगालोवादातील उपभोग, गुंतवणूक व राखीव हे तिन्ही भाग येथे एका रकमेत सामावले आहेत.

धर्माने मिळविलेला कर

उषवदातानंतर हा प्रदेश सातवाहनांकडे आला. गौतमीपुत्र सातकर्णीच्या २४ व्या वर्षाचा नाशिक येथील लेख राजव्ययाची दुसरी बाजू दाखवितो. पूर्वी भिक्षूंना कखडी गावातील शेत दिले होते. परंतु ते शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही, असे त्यात प्रांजळपणे मान्य केले आहे. म्हणून नगरसीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने जमीन नव्याने दिली. दान कागदोपत्री झाले आणि प्रत्यक्षात पोहोचले नाही, हे राजाने स्वतः कोरून ठेवावे, ही गोष्ट आजच्या शासनव्यवहारालाही बोध देणारी आहे.

गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राचे जे गुणवर्णन आहे, त्यात धर्मानुसार मिळविलेल्या करांचा विनियोग करणारा आणि पौरजनांच्या सुखदुःखात समान सहभागी असणारा अशी विशेषणे आहेत. प्रशस्तीची भाषा अतिशयोक्त असतेच. तथापि राजाची थोरवी सांगताना त्याच्या करविनियोगाचा उल्लेख करावासा वाटला, यावरून लोकांची अपेक्षा कळते. हीच अपेक्षा रुद्रदामनाच्या इ.स. १५० च्या जुनागढ लेखातही दिसते. सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध त्याने जनतेवर कर, वेठ किंवा प्रणय न लादता स्वतःच्या कोषातून बांधला. काम अवाढव्य म्हणून मंत्र्यांचा विरोध असतानाही बांधला, असे तेथे म्हटले आहे.

गृहस्थांची दाने

राजांखेरीज सामान्य उपासकांचा खर्च पाहावयाचा तर कान्हेरीकडे वळावे लागते. तेथील लेखांत कल्याण, सोपारा, चेमूल येथील व्यापारी, सोनार, लोहार, गृहपती आणि त्यांच्या स्त्रिया यांची नावे आढळतात. यज्ञश्री सातकर्णीच्या १६ व्या वर्षी कल्याणच्या अपरेणु नावाच्या व्यापाऱ्याने लेणे व दालन दिले; सोबत २०० कार्षापणांची अक्षयनीवी आणि मंगलस्थान, म्हणजे आजचे मागाठाणे, येथील शेत दिले. त्यातून चीवरासाठी १६ कार्षापण द्यावयाचे होते. राजजामाताने ३,००० द्यावेत आणि व्यापाऱ्याने २००. रक्कम वेगळी, परंतु रीत एकच.

उषवदाताच्या लेखात चीवराचे १२ कार्षापण, आणि त्यानंतर यज्ञश्रीच्या काळी १६. वस्त्राचा खर्च एक-तृतीयांशाने वाढला असे यावरून म्हणावेसे वाटते. परंतु दोन लेखांवरून महागाईचा कल ठरविणे धाडसाचे होईल. ठिकाण वेगळे, दाता वेगळा, आणि नाण्यांतील रुप्याचा कसही एकच असेल असे नाही. ही रीत किती टिकली, हे मात्र निश्चित सांगता येते. नवव्या शतकात, शिलाहार कपर्दी दुसरा याच्या काळी, गौड देशातून आलेल्या गोमिन् अविघ्नाकर या उपासकाने कान्हेरीस १०० द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली, तीही वस्त्रांसाठीच. नाणे बदलले, राजवंश बदलले; मुद्दल राखून वृद्धी भोगण्याचा नियम सातशे वर्षे चालू राहिला.

या चित्रात एक मोठी उणीव आहे. शेत धान्य देते, शिजविलेले अन्न देत नाही. आणि विनयानुसार भिक्षूने स्वतः रांधणे वर्ज्य आहे. बाहिय दारुचीरिय जहाज फुटून सुप्पारकाच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा त्याला अन्न देणारे लोक होते, असे पालि अट्ठकथा सांगतात. तो घास कोणाच्या तरी घरातून आला. लेखात रक्कम कोरली जाते. रोज भिक्षापात्रात पडणारे अन्न आणि ते रांधणाऱ्या स्त्रीचे श्रम कोठेही कोरले जात नाहीत. नवव्या शिलालेखाने स्त्रियांच्या विधींना निरर्थक म्हटले. त्यांच्या स्वयंपाकाचा हिशेब मात्र कोणत्याच लेखाने ठेवला नाही. आधुनिक राष्ट्रीय उत्पन्नाची गणनाही घरातील बिनमोल श्रम वगळूनच केली जाते. या बाबतीत दोन हजार वर्षांत फारसा फरक पडलेला नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून एवढे म्हणता येईल की, प्राचीन अपरान्तात राजा आणि गृहस्थ यांच्या खर्चाला एकच कसोटी लावली जात होती : खर्च कोणाच्या उपयोगी पडतो, आणि तो केल्यावर मुद्दल शाबूत राहते की नाही. सर्व राजे व सर्व गृहस्थ या कसोटीला उतरले असे नव्हे. कखडीचे ओसाड शेत त्याची साक्ष आहे. तरीही कसोटी सर्वांना ठाऊक होती आणि ती निगमसभेत जाहीरपणे ऐकविली जात होती.

आजची गणना खर्चाचा आकडा अचूक सांगते. मुद्दलाविषयी ती बहुधा मौन बाळगते. याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. नवापूरच्या मच्छीमाराचे शेत म्हणजे समुद्र. मासळी ही त्याची वृद्धी आणि समुद्र ही अक्षयनीवी. तारापूरच्या औद्योगिक क्षेत्राचे सांडपाणी नलिकेवाटे याच नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. या प्रदूषणाचे गाऱ्हाणे अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत नेले. कारखान्यांमुळे बोईसर परिसरात वेतन आले, घरांचा खर्च वाढला, शासनाला कर मिळाला आणि त्याचाही खर्च वाढला. दोन्ही शीर्षांखालचे आकडे चढते आहेत. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या घराला औषधपाण्यावर जो पैसा ओतावा लागतो, तोही त्याच चढत्या आकड्यात उपभोग म्हणूनच मिळविला जातो. मुद्दल घटल्याची नोंद कोणत्या वहीत करावयाची, हे ठरलेले नाही.

गोवर्धनच्या विणकरांनी २,००० कार्षापण घेताना ते मोडणार नाहीत असे निगमसभेसमोर मान्य केले होते. समुद्र, नद्या व खाड्या ज्यांच्या हाती सोपविल्या आहेत, त्यांनीही तसे जाहीरपणे मान्य करावे आणि दरवर्षी त्याचा हिशेब लोकांना ऐकवावा, ही अपेक्षा नवी नाही. डहाणूच्या नदीवर मोफत नाव चालत होती, त्या काळापासून ती या किनाऱ्यावर आहे.